उसना खांदा

पोहणं शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या मास्तरांना खांद्याच्या ऑपरेशननंतर उजव्या दंडाला आणि मनगटाला हाताची हालचाल नोंदवणारे सेन्सरचे पट्टे बांधून घरी वावरणं म्हणजे निव्वळ पोरखेळ वाटत होता. खांदा तर ठणठणीत होता. त्यांनी पट्टे सरळ बायकोच्या हाती दिले.

"आठवडाभर तूच बांध. तू दिवसभर भिंगरीसारखी फिरत असतेस. आकडे असे येतील की ती पोरगी तोंडात बोटं घालेल."

पोरगी म्हणजे त्यांची फिजिओथेरपिस्ट. आठवड्यानं पडद्यावरचा आलेख पाहताना तिच्या कपाळाला आठी पडली.

"मास्तर, हात एकदाही खांद्याच्या वर गेलेला नाही. रात्री त्या कुशीवर वळलात की लगेच परत फिरता. फार दुखतं का?"

"दुखतंय कसलं!" मास्तरांनी हात कानाला घासून ताडकन छताकडे नेला. "तुमचं यंत्र गंडलंय!"

"यंत्र बरोबर आहे," ती शांतपणे म्हणाली. "मग हा हात कुणाचा?"

मास्तरांचा हात वरच राहिला. स्वयंपाकघरातले वरच्या फळीवरचे डबे केव्हाच खाली ओट्यावर आले होते. पसारा झाला म्हणून ते बायकोवर दोनदा खेकसलेही होते.

ते दार उघडून बाहेर आले. बाकावर बायको त्यांची पिशवी डाव्या खांद्याला अडकवून बसली होती.

"कधीपासून दुखतोय?"

"तुमच्या ऑपरेशनच्या आधीपासून," ती म्हणाली. "पण नंबर तुमचा लागला होता."