असा शब्द नाही

“हे गोणपाट भिंतीवर कशाला टांगलंय?”

वरून आलेल्या साहेबांनी असे विचारले आणि नववी ‘ब’मधली एकतीस पोरे एकदम हसली. एक तर आमच्या भागात त्याला गोणपाट नाही, बारदाना म्हणतात. दुसरे म्हणजे त्या पोरांच्या लेखी तो बारदानाही नव्हता, तो महाराष्ट्र होता. साहेबांना हसण्याचे कारण कळले नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतले, आणि तिथेच मला अंदाज आला की आजचा दिवस धड जाणार नाही.

मी मागच्या बाकावर बसले होते. मी गणित शिकवते, पण नववी ‘ब’ची वर्गशिक्षिका मीच, म्हणून पाहणीच्या वेळी हजर राहा असा मुख्याध्यापकांचा हुकूम होता. एकोणतीस वर्षे मी असे हुकूम पाळत आले आहे. मला शाळेत कोणी वाईट म्हणत नाही. कारण मी कधी काही बोलतच नाही.

भूगोल शिकवतात ते ताराचंद गजभिये सर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या या शाळेत ते एकवीस वर्षे आहेत. खिशात कायम सुतळीचा गुंडा आणि बोटांना वाळलेला डिंक. शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा चालायची, सर, भूगोल शिकवता की गोधडी शिवता? त्यांनाही हसू यायचे. त्या बारदान्यावर त्यांनी सगळा महाराष्ट्र शिवला होता. रद्दी भिजवून केलेल्या लगद्याचा सह्याद्री, जाड सुतळीची वैनगंगा, जिथे पाऊस जास्त तिथे तांदळाचे दाणे दाट चिकटवलेले. प्रत्येक जिल्ह्याला वेगळे कापड. आपला गोंदिया जुन्या टॉवेलचा होता, डोळे मिटूनही ओळखू यायचा.

डोळे मिटून ओळखता यावा म्हणूनच तर तो केला होता. वर्गात पिंकी आहे. तिला फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते. हिमांशु आहे, त्याला नववीत येऊनही दोन ओळी सलग वाचता येत नाहीत. आणि संघदीपसारखा पोरगाही आहे, जो पुस्तक दिवाळीआधीच संपवून बसतो. अशा सगळ्यांना एकाच पुस्तकातून एकच धडा कसा शिकवायचा, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही. आम्ही बाकीचे तो प्रश्न स्वतःला विचारत नाही, एवढेच. गजभिये सर विचारायचे. नळाच्या बाजूला त्यांनी पोरांकडून मातीचा एक तलाव करून घेतला होता, परातीएवढा. आमच्या गावच्या तलावासारखाच, भोवती पार म्हणजे मातीचा बांध घातलेला, पाणी सोडायला पपईच्या देठाची नळी बसवून केलेले तुडुम, आणि एका टोकाला पारीपेक्षा ठेंगणी ठेवलेली सलंग. पाणी ओतायचे, ते सलंगेवरून वाहून जाते का पाहायचे. हिमांशुने ती पार तीनदा बांधली आणि तीनदा फुटली. चौथ्यांदा टिकली, तेव्हा त्याने फळ्यावर जाऊन तलाव काढला आणि खाली आपले नाव लिहिले, एकही अक्षर न चुकवता.

आता वरून आलेल्या साहित्याचेही सांगते, नाहीतर मी एकतर्फी बोलते असे व्हायचे. जानेवारीत एक मोठा खोका आला होता. त्यात गुळगुळीत छापील नकाशे, एक पृथ्वीगोल आणि माहितीपुस्तिका. नकाशांवरची अक्षरे इतकी बारीक की मलाही चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. पिंकीसाठी त्यात काही म्हणजे काही नव्हते. पोरे फाडतील म्हणून मुख्याध्यापकांनी खोका कपाटात घालून कुलूप लावले. साहेब आले त्या सकाळी तो काढला, पुसला आणि टेबलावर मांडला.

साहेबांनी चाचणी घेतली. वीस प्रश्न, दहा आले की पास. जो पास होणार नाही त्याची वेगळी यादी होणार होती. पिंकीला प्रश्न वाचून दाखवायला साहेब स्वतः तिच्या बाकाशी बसले, तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता. पण वीसपैकी सहा प्रश्न चित्रांचे होते. ‘चित्रातील भूरूप ओळखा.’ साहेबांनी वाचले आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने कागदावरून हात फिरवला. कागद सपाट होता. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली आणि रेघ मारली. अशा सहा रेघा. मला संताप आला होता, खोटे नाही सांगत. मी माझ्या पदराच्या किनारीचे टाके मोजत बसले.

तरी ती पोरगी बाकीच्या चौदांपैकी नऊ बरोबर देऊन शेवटच्या प्रश्नाशी आली. धरणातले जास्तीचे पाणी ज्या मार्गाने बाहेर पडते त्यास काय म्हणतात?

“सलंग जी,” पिंकी म्हणाली.

“काय?”

“सलंग. पानी जास्त झालं का तिथून जाते. पार फुटू नये म्हनून सलंग पारीपेक्षा ठेंगनी ठेवतेत.”

“असा शब्द नाही, बाळ. पुन्हा विचार कर.”

“हाय ना जी. मी हात लावून पायलो.”

साहेब कागदावर रेघ मारणार, तेवढ्यात गजभिये सर पुढे आले. आवाज चढवला नाही त्यांनी. सलंग म्हणजेच सांडवा, इकडच्या सगळ्या जुन्या तलावांना हाच शब्द आहे, पुस्तकातला शब्द पक्का करून घ्यायचा राहिला ही आपली चूक, पण पोरीला ते समजले आहे की नाही एवढे पाहावे, असे त्यांनी सांगितले. साहेब म्हणाले, उत्तरसूचीत सांडवा आहे, आणि शिक्षकच जर गावठी शब्द शिकवत असतील तर आपण तरी काय करावे.

मग सर माझ्याकडे वळले.

“हे तलाव ज्यायनं बांधले, साहेब, त्यायच्या घरच्या मॅडम इथंच बसून हायेत. त्यायलेच इचारा.”

मी कोहळ्यांची, तलाव बांधणाऱ्या जातीतली. माझ्या माहेरी लग्नकार्यात म्हातारी माणसे अजून सांगतात, अमका तलाव आपल्या आज्याच्या आज्याने बांधला, तमक्याची पार आपल्या माणसांनी घातली. माती कोणी वाहिली ते कोणी सांगत नाही, ती पिंकीच्या आणि गजभिये सरांच्या घरच्यांनी वाहिली. पण तुडुम, सलंग, पार हे शब्द दोन्ही घरांचे. मी बोलायला शिकले तेव्हापासून ते माझ्या तोंडात आहेत. सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहत होता. साहेबही पाहत होते, पेन उचलून.

“पुस्तकात सांडवाच आहे,” मी म्हणाले.

यात एक अक्षर खोटे नव्हते. म्हणूनच त्याची मला जास्त लाज वाटते. साहेबांनी रेघ मारली. नऊ.

दुपारी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक बिसेन सरांनी मला बोलावले. साहेब शेरा लिहून गेले होते. ‘अप्रमाणित साहित्याचा वापर तात्काळ बंद करावा. पुरविलेले साहित्यच वापरावे.’ आणि यादीत एकच नाव होते, पिंकीचे. हिमांशुसुद्धा चित्रांच्या आधाराने अकरा घेऊन सुटला होता. अशा मुलीला वर्गात ठेवून तिचेही नुकसान आणि शाळेच्या निकालाचेही, तेव्हा पालकांची संमती घेऊन तिला घरूनच शिकू द्यावे, महिन्यातून एकदा कोणीतरी जाऊन येईल, असे ठरले होते. कोणी जाणार नाही हे बिसेन सरांना माहीत होते आणि मलाही.

“साइन ले आओ मॅडम, और खतम करो,” ते म्हणाले. “तुमाले बी टेन्शन नाही, तिलेबी आराम.”

आराम! चौदा वर्षांच्या पोरीला आराम. हा शब्द माझ्या डोक्यात इतका बसला की जिना उतरेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना चार तरी सडेतोड उत्तरे दिली. तोंडावर मात्र, बरं सर, एवढेच म्हणून मी संमतिपत्र घेतले होते. खाली वर्गात गजभिये सर भिंतीवरून महाराष्ट्र उतरवत होते. मी दारावरून गेले, तेव्हा त्यांनी मला एकच विचारले, मॅडम, याची घडी केली तर सह्याद्री तुटेल, गुंडाळू का? मी म्हटले, गुंडाळा. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

पिंकीचे घर तलावाच्या वाटेवर, शेवटचे. अंगणात मोहफुले वाळत घातली होती आणि तिची आई कलाबाई ती हाताने पसरत होती. मला पाहून लगबगीने उठली, खाट ओढली, पदराने पुसली. मी कागद काढून समजावून सांगू लागले. मला वाटले होते ती रडेल, भांडेल, निदान का म्हणून विचारेल. तिने काही विचारले नाही. पोरीला येत नसेल तर शाळेने तरी काय करावे, तुम्ही मॅडम लोक आमच्या वाईटाचे थोडेच सांगणार, असे म्हणाली. उलट इतकी वर्षे सांभाळले म्हणून माझे आभार मानले. सही करायला ती प्रौढ वर्गात शिकली होती, अंगठा नको, सहीच करते म्हणाली. मी तिला माझे पेन दिले.

पिंकी दाराच्या उंबऱ्यावर बसून काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. सांडवा, सांडवा, सांडवा. पाठ करत होती.

“मॅडम, एक इचारू?” ती म्हणाली.

“विचार.”

“आपल्या तलावाले सांडवा काऊन नाही जी?”

मला पटकन कळलेच नाही ती काय विचारते आहे.

“गजभिये सरनं आमाले तलावावर नेलं होतं ना, मी पुरी पार हातानं चाचपलो. तुडुम सापडलं. सलंग सापडली. सांडवा कुठंच नाही सापडला. आताबी जाऊन आलो मायसोबत. दुसऱ्या तलावाले रायते का?”

म्हणजे शाळा सुटल्यावर ही पोरगी आईचा हात धरून तलावावर गेली होती, तो सांडवा शोधायला. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत मान हलवत होते तेव्हा. 

“आहे आपल्या तलावाला,” मी म्हणाले. “सलंग म्हणजेच सांडवा. एकच आहे ते, बाई.”

तिने मान माझ्याकडे वळवली.

“मंग माहं बरोबर होतं.”

“बरोबर होतं.”

“तुमाले मालूम होतं?”

एकोणतीस वर्षांत मला एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता. होय किंवा नाही, दोनच उत्तरे.

“मालूम होतं,” मी म्हणाले.

कलाबाईचा हात थांबला. तिने सहीतले ‘कल’ काढले होते, ‘ल’ला काना द्यायचा होता. तिने आधी पोरीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग त्या कागदाकडे. वाचता तिला येत नव्हते, तरी बराच वेळ पाहत राहिली.

“मंग ह्या कागदावर मी कायची सही करून राहिली, मॅडम?”

 खरे तर आता बोलायला काही हरकत नव्हती, ऐकायला साहेबही नव्हते आणि बिसेन सरही नव्हते. पण शब्दच आला नाही.

कलाबाईने पेनाला टोपण लावले. उजवा हात पुढे करून, डावा हात कोपराला लावून, मोठ्या माणसाला देतात तसे ते मला परत दिले. कागद खाटेवर तसाच, अर्ध्या सहीचा ठेवला. मग खाली बसून पुन्हा मोहफुले पसरू लागली. मला बसा म्हणाली नाही, जा असेही म्हणाली नाही.