हिरव्या रेघेच्या पुंगळ्या

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. शाळा उघडायच्या आत बस चालवणाऱ्या सगळ्यांनी डॉक्टरांचा दाखला आणायचा, आणि त्यात डोळ्यांची तपासणी आलीच. पत्र मी तीनदा वाचलं, हात लांब करकरून. मग घडी घालून ब्रेडच्या डब्याखाली सरकवलं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना. घासलेली भांडी परत घासायची, अंगणात जाऊन उभी राहायची आणि कशाला आले तेच विसरायची.

बावीस वर्षं मी या गावात शाळेची बस चालवतेय. गेल्या खेपेला तपासणीत माझ्यापुढे उभ्या असलेल्या माणसाने तक्त्याची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, ती मी पाठ केली आणि दाखला मिळवला. लाज वाटली, पण मिळवला. माझे बाबा आर्विड एक्याऐंशीचे आहेत. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलंय, कडेचं तेवढं दिसतं. आजीलाही असंच झालं होतं. मला काय होतंय हे मी कुणाला विचारलं नव्हतं, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

बाबांचं नेम धरणं सुटलं, पण तळघरात यंत्रावर वापरलेली काडतुसं पुन्हा भरणं काही सुटलं नाही. मी आणि माझा थोरला भाऊ वर्लिन शनिवारी जुन्या खडीच्या खाणीत पिस्तुलाच्या नेमबाजीला जातो. खेळ संपला की जमिनीवर पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचायच्या, आणि तिथे तुझी-माझी कुणी करत नाही. गोम तिथेच आहे. पूर्वी आमच्या पंचेचाळीसच्या मापाच्या सगळ्या पुंगळ्यांच्या बुडाचं भोक मोठं असायचं. आता काही लहान भोकाच्याही येतात. बार पेटवणारी जी छोटी टोपी त्या भोकात बसते, ती म्हणजे प्रायमर, आणि तोही मग दोन मापांचा. फरक जेमतेम नखाच्या जाडीएवढा. लहान भोकात मोठा प्रायमर दाबला तर तो चेंगरतो, आणि कधीकधी तिथेच उडतो. म्हणून आधी पुंगळ्या निवडायच्या. बाबांना दिसत नाही, तेव्हा निवडायचं काम माझं. मोठ्या भोकाची म्हणून बाजूला काढलेल्या प्रत्येक पुंगळीच्या बुडावर मी हिरवी रेघ मारते आणि कॉफीच्या डब्यात टाकते.

रविवारी दुपारी घर खायला उठलं म्हणून मी तळघरात बाबांजवळ जाऊन बसले. ते यंत्राशी बसले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी हातातलं काहीतरी खणात टाकलं. मी विचारलं नाही. ते डब्यातली पुंगळी घ्यायचे, यंत्रात बसवायचे, दांडा ओढायचे. दहा-बारा झाल्या असतील. तेवढ्यात दांडा अडला, त्यांनी जोर केला आणि कानठळ्या बसवणारा आवाज झाला.

एकच प्रायमर उडाला होता. बाबांच्या चष्म्याच्या काचेला तडा गेला, गालावर ओरखडा आला, बाकी देवाने राखलं. माझे पाय मात्र थांबेनात. जिन्यावरून वर, परत खाली, परत वर, आणि कसला विचार न करता मी वर्लिनला फोन लावला.

तो पाना घेऊनच आला. वसंतात बाबांच्या हातून एक छोटी चूक झाली, तेव्हाच पुन्हा काही झालं तर यंत्र काढून नेईन असं त्याने बजावलं होतं, आणि वर्लिन बोलतो ते करतो. अडकलेली पुंगळी त्याने उजेडात धरली. लहान भोकाची होती.

"निवडल्या कुणी?" त्याने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "माझे डोळे, दुसरं काय."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांनी मान वळवून नजरेच्या कडेने माझ्याकडे पाहिलं. त्यात गप्प बस असं साफ लिहिलेलं होतं. आणि मी गप्प बसले. वर्लिन बोल्ट सोडवत राहिला, बाबा ओरखडा पुसत राहिले. त्या माणसाकडे पत्नी उरली नव्हती, गाडी उरली नव्हती, वर्तमानपत्र उरलं नव्हतं. फक्त हे टेबल होतं. मी मात्र बसचा विचार करत होते.

चौथ्या बोल्टला जागा करायला वर्लिनने खण ओढून काढला. आत लोणच्याची एक मोठी बरणी होती, पुंगळ्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. वर बोटभर लाकडी काडी पडली होती, टोक मोठ्या भोकात नेमकं बसेल असं घासून गोल केलेलं.

"आणि हे काय?"

"जुना कचरा," बाबा म्हणाले.

मी बरणी ओढून घेतली. एका पुंगळीच्या बुडाच्या भोकात काडी घालून पाहिली, जाईना. दुसरीत जाईना. तिसरीतही नाही. सगळ्या लहान भोकाच्या, आणि सगळ्यांच्या बुडावर माझी हिरवी रेघ. दोन वर्षांच्या माझ्या चुका एकेक करून त्यांनी चाचपून बाजूला काढल्या होत्या, माझ्या पाठीमागे. आज मी शेजारी बसले होते, म्हणून त्यांनी काडी खणात टाकली. मला कळू नये म्हणून.

वर्लिनने पाना खाली ठेवला नव्हता.

"निवडल्या मी," मी म्हटलं. "मला दिसत नाही, वर्लिन. दोन वर्षं झाली."

"तुला कुणी विचारलं होतं का, मार्लिस?" बाबा चिडले. माझ्या आठवणीत इतके कधीच चिडले नव्हते. "मी सांगितलं ना माझी चूक म्हणून. मला आता काय करायचंय या यंत्राचं? तुझी नोकरी राहू दे."

"बसमध्ये एकोणचाळीस पोरं असतात, बाबा."

मी वर गेले, पत्र आणि बसच्या किल्ल्या आणल्या आणि दोन्ही वर्लिनच्या हातात दिल्या. म्हटलं, वाचून दाखव, आणि उद्या डॉक्टरांकडे तूच ने. त्याने पत्र हळू आवाजात वाचलं. माझ्याकडे न बघता किल्ल्या खिशात टाकल्या. मग वाकून तिन्ही बोल्ट परत आवळायला घेतले. शेवटचा आवळताना त्याचं नाक वाहत होतं.

बाबांनी चाचपडत कॉफीचा डबा ओढला, आणि बरणीजवळची काडी उचलून माझ्या बोटांत दिली.

"डोळे मीट," ते म्हणाले. "उघडे ठेवलेस की भुलशील."

मी डोळे मिटले. पहिल्या पुंगळीच्या बुडात काडी सरकन गेली. दुसरीत ती भोकाच्या कडेशीच अडली. ती पुंगळी मी हात लांब करून त्यांच्या तळहातावर ठेवली.