खापरपणजोबांची ऐरण

घरात सांगितली जायची ती गोष्ट अशी. दीडेकशे वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या लोहारशाळेत दोन भाऊ काम करायचे. थोरल्याच्या हातात हातोडी, धाकट्याच्या हातात घण. एके दिवशी धाकट्याचं डोकं फिरलं आणि त्याने घोड्यांच्या एका व्यापाऱ्याचं डोकं घणाने फोडलं. धाकटा फासावर गेला. थोरल्याला ते सहन झालं नाही. सांडशी आणि भाता घेऊन त्याने गाव सोडलं आणि शहरात दुकान थाटलं. तो खापरपणजोबा. ऐरण तेवढी गावात राहिली.

ती आणायला आता थोरल्याच्या वंशातला दादा निघाला होता. नव्या वर्कशॉपच्या दारात तिच्यासाठी चौथरा बांधून तयार होता. बहीण सोबत होती, कारण धाकट्याच्या वंशातलं ते घर तिनेच शोधून काढलं होतं. ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायची आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या नातेवाइकाला घराण्याबद्दल विचारायची. पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हा तिचा फायदा.

टेम्पो पैलवान चालवत होता. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता. दादाकडे वर्षानुवर्षं घण मारून खांदे तेवढे तसे झाले होते.

"जपून बोल तिथे," दादा बहिणीला म्हणाला. "खुन्याचा वंश आहे. चहा दिला तर आधी मांजराला पाज."

घर दोन खोल्यांचं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान. दुकान चालवणारा तिशीचा नातू आणि त्याची आजी, एवढीच माणसं. ऐरण शेडच्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये बसवलेली होती. नातू तिच्यावर वाकड्या रिमा सरळ करायचा.

दादा आणि पैलवान बाहेर थांबले. आजीने बहिणीला स्वयंपाकघरात नेलं.

"त्या दिवशी भाता कोण ओढत होतं, ते सांगितलंय का तुमच्यात?"

"नाही."

"धाकट्याची बायको. माझ्या आजेसासूची सासू. पोटुशी होती. तिने सुनेला सांगितलं, सुनेने तिच्या सुनेला. माझ्यापर्यंत असंच आलं."

व्यापाऱ्याच्या घोड्याला नाल ठोकताना थोरल्याचा खिळा चुकला होता आणि घोडा लंगडा झाला होता. व्यापारी आला आणि त्याने चारचौघांत थोरल्याच्या तोंडावर चाबूक ओढला. थोरला हसला. म्हणाला, नवी नाल करून देतो, बसा. लोक पांगले. नाल बघायला व्यापारी वाकला तेव्हा थोरल्याने तापलेल्या सांडशीत त्याची मान धरली आणि गाल ऐरणीवर दाबला.

"कातडं चरचरलं म्हणे," आजी म्हणाली. "आणि मग त्याने दुसऱ्या हाताने हातोडी वाजवली. कानाच्या वर. टक्. धाकटा समोर घण उचलूनच उभा होता."

"आणि त्याने मारला."

"तू लोहाराच्या घरची ना? घण मारणारा जागा स्वतः निवडतो का गं?"

निवडत नाही, हे बहिणीला ठाऊक होतं. तिचं बालपण त्या आवाजात गेलं होतं. हातोडीवाला हलकेच टोला देऊन जागा दाखवतो, घण तिथेच पडतो. लोखंड थंड व्हायच्या आत हे चालतं. घणवाला हातोडीशिवाय काही पाहत नाही. पाहायला लागला तर दादा आईबहिणीवरून शिव्या देतो.

"तीनदा वाजवली," आजी म्हणाली. "तिसऱ्यांदा सांडशीत धरायला काही उरलं नव्हतं. चौकशीला साहेब आला. थोरला म्हणाला, मी सोडवायला गेलो होतो, ही बघा माझी हातोडी. हातोडी पुसून स्वच्छ केलेली होती."

"आणि ती? तिने सांगितलं नाही?"

"विचारलं कुणी? साहेब निघून गेला. नंतर थोरलाही गेला. ही ऐरण तिने आठव्या महिन्यात दोर बांधून घरी ओढत आणली."

बाहेर सिमेंट फुटल्याचा आवाज झाला.

दादाने वाट पाहिली नव्हती. पैलवान घणाने ऐरणीचा पाया फोडत होता आणि नातू दादाच्या अंगावर धावून गेला होता. बहीण दारात पोचली तेव्हा दादाच्या नाकातून रक्त ओठांवर आलं होतं.

"तुमच्या बापजाद्याने टाकून दिलेली वस्तू आहे ही!" नातू ओरडत होता. "लाज वाटली असेल त्याला!"

"खुन्याची औलाद, तू मला लाज शिकवतोस?"

दादाने त्याच्या पोटात गुडघा घातला. नातू दुमडला. दादाने केस धरून त्याचं तोंड ऐरणीच्या कडेवर आपटलं, एक दात सिमेंटच्या भुग्यात पडला. नातवाने सावरायला उजवा हात ऐरणीवर टेकला. दादाने ते मनगट डाव्या हाताने दाबून धरलं, उजव्या हाताने कमरेची हातोडी काढली आणि मनगटाच्या पुढे, बोटांच्या मुळाशी वाजवली.

टक्.

"पैलवान, नको!" बहीण ओरडली.

घण तोवर खांद्यावरून निघाला होता.

आवाज मोठा झाला नाही. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा झाला. नातू किंचाळला तो नंतर. दादाने पुन्हा हातोडी वाजवली. पैलवानाने पुन्हा घण उचलला. बहिणीने दादाच्या हातावर झेप घेतली आणि त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. हातोडी खाली पडली. घण हवेतच थांबला. जागा दाखवणारं कुणी नव्हतं.

पैलवानाने घण टाकला आणि भिंतीशी जाऊन उलटी केली.

बहिणीने हात पाहिला. तळहाताची चार हाडं मोडलेली, दोन कातड्याबाहेर. फळीचा तुकडा आणि आजीचं लुगडं घेऊन तिने हात बांधला. शेजारच्याने नातवाला रिक्षातून दवाखान्यात नेलं. जाताना आजी बहिणीला म्हणाली, "तू चल बरोबर."

"येते. आधी इथलं एक काम आहे."

शेजाऱ्यांनी कळवलं तसा हवालदार आला. रक्ताचा घण एका बाजूला, स्वच्छ हातोडी दुसऱ्या बाजूला. दादाने तोंड पुसलं होतं, हातोडीही.

"आमच्या पैलवानाचं डोकं फिरलं, साहेब. मी सोडवायला गेलो, तर माझंच नाक फुटलं."

हवालदाराने पैलवानाची कॉलर धरली. "घण तुझाच ना रे?"

पैलवानाने मान डोलावली. दादाकडे पाहिलं. हवालदाराने डायरी मिटली.

"साहेब, माझं लिहून घ्या," बहीण म्हणाली.

"तू आत होतीस," दादा म्हणाला.

"दारात होते."

दादा जवळ आला. आवाज एकदम मऊ. "वेडे, आतली गोष्ट आत ठेव. पैलवानाला वकील मी देईन, त्याचं घर मी बघीन. मी आत गेलो तर वर्कशॉपला कुलूप. आईला काय तोंड दाखवशील?"

"हेच," ती म्हणाली आणि हवालदाराकडे वळली. "घण पैलवानाने मारला. जागा दादाने दाखवली. हातोडी वाजली तिथेच घण पडला. दोन्ही लिहा."

दादाची मूठ तिच्या जबड्यावर बसली. ती टायरांच्या ढिगावर कोसळली. हवालदाराने पैलवानाची कॉलर सोडून दादाला मागून धरलं. दादा लाथा झाडत ओरडत होता, "घरभेदी! कुणाच्या घरची आहेस तू?"

ती टायरांना धरून उठली. तोंडातलं रक्त बाजूला थुंकली. जबडा हलवून पाहिला. मोडला नव्हता.

"उजव्या हाताने वाजवली," ती म्हणाली. "डाव्याने मनगट धरलं होतं. दोनदा वाजवली, साहेब. डायरी उघडा."