बरडीवरचं गवत

"मंजुळाक्का, एक भारा दे. गायी मराले टेकन्यात."

लोटन दगडी भिंतीच्या बाहेर उभा होता. बाकीचे गावकरी आपापले गवताचे भारे घेऊन गेले होते. मंजुळाबाईने विळ्याचं पातं लुगड्याला पुसलं.

"तुले नही."

सत्त्याऐंशीच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात पारोळ्याकडच्या त्या गावात गवत उरलं होतं ते फक्त या बरडीवर, गावाबाहेरच्या मुरमाड उतारावर. काही वर्षांपूर्वी गावाने इथे चराईबंदी केली आणि राखण मंजुळाबाईच्या नवऱ्याकडे, हिलालकडे दिली. त्याने भिंत रचली, गवताचं बी पेरलं. गवत गुडघ्याला लागलं तसं लोटनने भिंत फोडून गुरं आत घातली. गवत मुळासकट गेलं, खुरांखाली मातीचा भुगा झाला. हिलाल जाब विचारायला गेला, तर लोटन चारचौघांत हसला, "गाय शे ती. तिले काय समजस?"

पुढच्याच मोठ्या पावसात उघडा उतार घसरून खाली आला. हिलाल खाली नाल्यात फुटलेला बांध बुजवत होता. चिखलातून त्याला काढेपर्यंत दुपार झाली.

तेराव्यानंतर मंजुळाबाईने राखण स्वतःकडे मागून घेतली. भिंत पुन्हा रचली, बी पेरलं आणि वाट पाहत राहिली. गवत कापून कोणाला द्यायचं, ते आता तिच्या हातात होतं.

"आक्का, गायीस्ना काय गुन्हा शे?" लोटनचा आवाज चिरकला.

"काहीच नही. गाय शे ती, तिले काय समजस?" ती म्हणाली. "तुले समजत व्हतं."

त्याने डोक्यावरची टोपी काढून भिंतीवर ठेवली. तिने ती विळ्याच्या टोकाने खाली पाडली.

आठवड्याने लोटनच्या गायी एका व्यापाऱ्याने धुळ्याच्या बाजाराकडे हाकल्या. मंजुळाबाई मुद्दाम भिंतीशी येऊन उभी राहिली. हेच बघायला तर ती जगली होती. एक तांबडी गाय थांबली आणि भिंतीवरून मान घालून तिने गवताला तोंड लावलं. मंजुळाबाईने ती मान दोन्ही हातांनी मागे लोटली. कातड्याखालची हाडं हाताला लागली. गाय मुकाट पुढे गेली. मागून लोटन चालत होता. तो शिव्या देईल, निदान रडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

धूळ खाली बसली. मंजुळाबाईने परत जाऊन गवत कापलं, भारा बांधला. भारा डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. तिने तो ओढत भिंतीवर चढवला, गुडघे टेकून त्याखाली डोकं घातलं, आणि एका हाताने दगड धरून उठली.