सतरातले तीन

मालक एका शनिवारी कारखान्याला कुलूप लावून गेला, तो परत आलाच नाही. सोमवारी दारासमोर जमलेले सुतार दुपारपर्यंत शिव्या देऊन थकले आणि एकेक करत घरी गेले. दादा तेवढा पायरीवर बसून राहिला. संध्याकाळी धाकटा भाऊ त्याला बोलवायला आला, तेव्हा तो एका जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलीने नावं लिहीत होता.

"मालक गेला म्हणून आपले हात गेलेत का?" दादा म्हणाला. "आपणच मालक होऊ. सगळेच."

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. पावतीवरच्या नावांची सहकारी संस्था झाली, गावातल्या सहकारी बँकेने कर्ज दिलं, आणि शाळेच्या खुर्च्या, दवाखान्याची कपाटं करता करता कारखाना उभा राहिला. घराच्या नव्या छपरासाठी साठवलेले पैसे दादाने भागभांडवलात घातले. पुढची चार वर्षं वहिनी गळणाऱ्या जागी पातेली मांडत राहिली, पण कधी बोलून दाखवलं नाही. पहिल्याच सभेत दादाने एक नियम घालून घेतला होता. मंदी आली तर पगार सगळ्यांचाच कमी करायचा, पण घरी कुणालाही पाठवायचं नाही. "असेल ते वाटून खाऊ," तो म्हणायचा, "पण भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही." दोन मंद्या त्यांनी अशाच काढल्या.

तिसरी मात्र मुक्कामालाच आली. खोक्यातून येणारं, चार स्क्रू पिळले की उभं राहणारं फर्निचर बाजारात आलं आणि लाकडाच्या खुर्चीला कुणी विचारेना. आठ महिने संस्थेतले सतराही जण अर्ध्या पगारावर होते. त्या वर्षी अध्यक्ष होता धाकटा. हात वर करून सगळ्यांनी त्याला निवडलं, तेव्हा दादाने सगळ्यांत आधी हात वर केला होता.

दादाची साठी उलटून तीन वर्षं झाली होती. आदल्या वर्षापासून त्याच्या उजव्या हाताला बारीक कंप सुटला होता. पेला उचलताना कळायचा नाही, पण लाकडात खाच कोरायला पटाशी धरली की कळायचा. खुर्चीचा पाय बैठकीच्या ज्या खाचेत बसतो, ती खाच केसभर मोठी झाली तरी सांधा आज ना उद्या हलणारच. दादाच्या खुर्च्या हलायला लागल्या होत्या. धाकट्याच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. ज्याने हातात रंधा दिला, त्याला काय सांगणार, की दादा, तुझं काम आता चालत नाही?

मग तो दर रविवारी सकाळी "मशीनला तेल घालून येतो" असं बायकोला सांगून कारखान्यात जाऊ लागला. दादाच्या खुर्च्या बाजूला काढायचा, सांधे उकलायचा, बारीक पाचर ठोकून, सरस लावून पुन्हा बसवायचा. सोमवारी दादा आपल्याच खुर्च्यांवरून हात फिरवत म्हणायचा, "बघ, अजून दगडासारखा सांधा बसतो." धाकटा मान डोलवायचा. असं जवळजवळ एक वर्ष गेलं, कुणाला कानोकान खबर नव्हती.

मग धाकट्याला कावीळ झाली. तीन आठवडे तो अंथरुणाला खिळून होता, आणि नेमकी त्याच तीन आठवड्यांत एका मोठ्या शाळेच्या ऑर्डरचा पहिला माल रवाना झाला. महिन्याभरात चाळीस खुर्च्या परत आल्या. एक खुर्ची वर्गातच मोडली होती आणि एका मुलीचं मनगट दुखावलं होतं. शाळेने उरलेली ऑर्डर थांबवली. आठ महिन्यांत मिळालेली ती एकुलती एक मोठी ऑर्डर होती.

कारखान्यात सगळ्यांनी खापर फोडलं ते मुक्यावर. मुका म्हणजे लाकूड पारखून आणणारा माणूस. त्याचं तोंड दिवसभर चालू असायचं, म्हणून त्याचं नाव मुका. "लाकूड ओलं आणलंस, सुकल्यावर सांधे सुटले," असं जो तो त्याला ऐकवू लागला, आणि मुका खरंच बोलेनासा झाला. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन लाकडाच्या ढिगामागे जाऊन बसायचा. धाकट्याला ते दिसत होतं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता त्याने महिना काढला.

बँकेच्या मॅनेजरबाईंनी त्याला बोलावून घेतलं. कोपऱ्यातल्या लहानशा केबिनमध्ये त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवले.

"मुदतवाढ देता येईल," त्या म्हणाल्या. "पण दोन गोष्टी हव्यात. खुर्च्या कशामुळे मोडल्या, ते लेखी द्या, म्हणजे मी शाळेशी बोलेन. त्यांचं खातं आमच्याकडेच आहे. आणि सतरा जणांचा खर्च या कामावर निघत नाही, याचं काहीतरी करा."

"आमच्यात कुणाला काढत नाहीत, बाई."

"माहिती आहे मला. बावीस वर्षं तुमचा एक हप्ता चुकलेला नाही, म्हणून तर समोर बसवून बोलतेय. पण इथे ठेवलेला पैसा काही माझा नाही. भाजीवाल्यांचा आहे, ड्रायव्हरांचा आहे, नर्सबाईंचा आहे. तुम्ही बुडालात तर तुमच्यासारखेच बुडतील."

सभा शुक्रवारी दुपारी, मशीन बंद करून भरली. सगळे आपापल्या कामाच्या टेबलाला टेकून उभे होते. ठराव मांडला मुक्याने. त्याला तीन मुलं होती आणि अर्ध्या पगारात त्याचं घरभाडं थकलं होतं. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "साठीपुढच्यांनी आता थांबावं. त्यांच्या भागाचे पैसे हप्त्याहप्त्याने परत करू. मला बोलायला जड जातंय, पण नाहीतर आम्ही चार-पाच जण पुढच्या महिन्यात चाललो."

साठीपुढचे तिघं होते. दादा, मोठ्या करवतीवरचे काका आणि पॉलिशवाल्या मावशी.

दादा शांतपणे पुढे आला. "मी माझ्यासाठी बोलत नाही," तो म्हणाला. "एकदा माणूस उठवायची सवय लागली की थांबत नाही. आज साठीवाले, उद्या पन्नाशीवाले. आणि खुर्च्या मोडल्या त्या लाकडामुळे. त्यात वयाचा काय संबंध? अध्यक्षांनाच विचारा." मग धाकट्याकडे वळून म्हणाला, "अरे, सांग ना यांना. तू तर माझं काम रोज बघतोस."

मुक्याने मान वर करून पाहिलं. धाकट्याने "हो, लाकूड ओलं होतं" एवढं म्हटलं असतं तर दादा सुटला असता, आणि मुका जन्मभराचा बुडाला असता.

"लाकूड चांगलं होतं, दादा," धाकटा म्हणाला. "सांधे सैल होते. तुझे. वर्षभर मी दर रविवारी येऊन नीट करत होतो. आजारी पडलो, तेव्हा राहिलं."

दादाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग तो पाठीमागे नेला.

"वर्षभर?" त्याने विचारलं.

"हो."

"मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी पटाशी खाली ठेवली असती. पॉलिशला बसलो असतो, झाडलोट केली असती. ती मुलगी पडली नसती. ऑर्डर गेली नसती." त्याने काका आणि मावशींकडे पाहिलं. "या दोघांवर ही वेळ आली नसती."

दादा बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

"मत घ्या, अध्यक्ष," दादा म्हणाला, आणि ठरावाच्या बाजूने पहिला हात त्याचाच वर गेला. डावा. त्याच्या पाठोपाठ बाकीचे हात भीत भीत वर झाले. मावशींनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. त्या आपल्या पॉलिशच्या डब्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावत राहिल्या. जाताना त्या धाकट्यापाशी थांबल्या आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. पॉलिशने तपकिरी पडलेले, पण स्थिर.

"माझे तर हलत नाहीत ना रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, मावशी."

"मग ठीक आहे. तेवढं फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं."

त्या दिवशी दोघं भाऊ एकाच घराकडे गेले, पण वेगवेगळ्या रस्त्यांनी. दादा वरच्या मजल्यावर राहायचा, धाकटा खाली. दारात गाठ पडली तेव्हा दादा बाजूला सरून म्हणाला, "जा ना तुम्ही, पुढे व्हा." धाकट्याला आधी वाटलं, चिडून म्हणतोय. चार दिवसांनी राग जाईल. चार दिवस गेले, चार आठवडे गेले, दादा त्याला अहो-जाहोच करत राहिला. आवाजात टोमणा नाही, कडवटपणा नाही. परक्या भल्या माणसाशी बोलावं तसं.

धाकट्याने खरं कारण लिहून दिलं. मॅनेजरबाई शाळेशी बोलल्या, कर्जाला मुदतवाढ मिळाली, आणि पाच महिन्यांनी एका वाचनालयाच्या टेबलांचं काम आलं. मुक्याचं तोंड पुन्हा चालू झालं. धाकट्याने त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली होती, आणि मुक्याने ती घेतलीही होती, पण तो आता धाकट्याशी कामापुरतंच बोलायचा.

पहिला पूर्ण पगार झाला, त्या संध्याकाळी धाकटा वर गेला. दादा वहिनीसाठी मटार सोलत बसला होता. एखाददुसरा दाणा टोपलीबाहेर उडत होता आणि तो वाकून उचलत होता.

"आज सगळ्यांना पूर्ण पगार दिला," धाकटा म्हणाला.

"सगळ्यांना म्हणजे चौदा जणांना."

"हो. चौदा."

"बँकेचा हप्ता?"

"तोही गेला."

"मग बरोबर केलंत तुम्ही," दादा म्हणाला. "मावशींचा हप्ता आधी देत जा. माझा मागून दिलात तरी चालेल."

"दादा, एकदा तरी अरे म्हण रे मला."

दादाचे हात थांबले. "म्हणायला जातो," तो म्हणाला, "पण तोंडातून निघत नाही. त्याला मी तरी काय करू?"

धाकटा जिना उतरून अर्ध्यावर आला, तोच वहिनी मागून आली. पदराला हात पुसत ती एक पायरी वर उभी राहिली.

"रागावू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "पण आता सारखा वर येत जाऊ नकोस, भावजी. तू येऊन गेलास की ते जेवत नाहीत."

"काही बोलतात का?"

"नाही. हात बघत बसतात नुसते."

धाकट्याने मान हलवली. तेव्हापासून तो हप्त्याचं पाकीट घेऊन पहिल्या तारखेला तेवढा वर जायचा, आणि तेही वहिनीच्या हातात देऊन दारातूनच परत फिरायचा.