डाव्या मुठीचं रीळ

नव्या रिळावर आईने एकही मासा पकडला नाही. रविवार उजाडायच्या आधीच ती गेली.

वरची दोन्ही वाक्यं कृपया धरू नयेत. तसं काहीही झालेलं नाही. आई ठणठणीत आहे, म्हणजे अर्धी ठणठणीत आहे, आणि या क्षणी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात स्टुलावर बसून दुकानदाराला घाम फोडते आहे.

अर्धी अशासाठी की मध्यंतरी झटका आला तो उजव्या अंगावर. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला तिचा उजवा हात तेव्हापासून नुसता मांडीवर पडून असायचा. आई त्याला जावईबापू म्हणायची. "काम करत नाही, बोलत नाही, वर त्यालाच जपायचं. जावईबापूंना जरा उशी द्या."

तिला खरी मुलगी नव्हतीच. होता तो एक मुलगा, लिंबू. त्याचं खरं नाव फक्त बँकेला ठाऊक. आई दर रविवारी बोटीवर गळ टाकायला जायची, तेव्हा सोबत म्हणून हा नाकाला लिंबू लावून कठड्याला चिकटलेला असायचा, आणि तरीही समुद्राला सकाळचा नाश्ता साभार परत करायचा. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली केलं तरी त्याला काही होत नसे. समुद्राने तेच केलं की संपलं.

झटक्यानंतर आईने एकच गोष्ट मागितली होती. "मला एक मासा ओढायचाय. माझ्या हाताने. मग खुशाल मला कुठे न्यायचं तिथे न्या." जुन्या रिळाची मूठ उजवीकडे, म्हणजे जावयाच्या ताब्यात. म्हणून हे दुकान.

"मावशी, हे बघा," दुकानदाराने रॉडखाली लटकणारं एक चकचकीत रीळ काउंटरवरच्या शिकंज्यात बसवलं. "मूठ डावीकडे लावा, उजवीकडे लावा, आपली मर्जी."

"दोन्हीकडून बोलणारी माणसं खूप पाहिलीत मी. आणि खोल पाण्यात एवढं शिसं सोडल्यावर हे कुरकुरणार नाही?"

"कुरकुरेल," दुकानदार म्हणाला. प्रामाणिक माणूस होता. धंदा कसा चालायचा देव जाणे. "तळाचा जड मासा ओढायचा तर ढोलासारखं हवं, रॉडच्या वर बसणारं. डाव्या मुठीची आहेत दोन."

एक वेगवान. मूठ एकदा फिरवली की तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सरसर गुंडाळला जायचा. दुसरं संथ, पण ओढायला ताकदीचं.

"वेगवान घेऊ," लिंबू म्हणाला. बोटीवरचा वेळ जितका कमी तितका बरा, हे त्याचं शास्त्र.

"लिफ्टवाल्या, माल चढवायच्या लिफ्टला वेगवान मोटर बसवतोस का रे?"

लिंबूने वेगवान रीळ बाजूला सारलं. बसवत नसे.

मग संथ रीळ शिकंज्यात बसवायला लावून आईने त्याची उलटतपासणी सुरू केली. सील आहे का? मीठ आत शिरतं का? गंजलं तर कोणाच्या डोक्यात घालायचं? दुकानदार म्हणाला, घरी गेल्यावर साध्या पाण्याने हळू धुवा, जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत जातं. आणि ब्रेक सैल करून ठेवा. आई म्हणाली, हे मला शिकवू नका. दुकानदार म्हणाला, बरं. सून शोधताना तिने एवढी चौकशी केली असती तर लिंबूचं रखडलेलं लग्न आणखी लांबलं असतं, एवढाच काय तो फरक.

शेवटी तिने तंगूसाचं टोक लिंबूच्या हातात दिलं. "ओढ."

तो ओढत मागे मागे गेला. आई डोळे मिटून, मान जराशी कलती करून, डाव्या अंगठ्याने ब्रेक घट्ट-सैल करत राहिली. मशीनवर दोऱ्याचा ताण बघताना तिची मान अशीच कलायची. "हां. आता तुटायचा नाही आणि सुटायचाही नाही." मग तिने डाव्या हाताने मूठ फिरवायला घेतली आणि आपल्या थोराड मुलाला दुकानाच्या दारापासून काउंटरपर्यंत ओढून आणलं.  

घरी येऊन त्यांनी रीळ रॉडवर चढवलं. आईने डाव्या हाताने मूठ धरली आणि रॉड धाडकन फरशीवर पडला.

दुकानात रीळ शिकंज्याने धरलं होतं. रॉड धरायला दुसरा हात लागतो, हे मासेमारी न केलेल्या माणसालाही कळतं. या दोघांनी मात्र सील तपासलं, गिअर तपासला, गंजाची चौकशी केली, आणि हात मोजायचे राहिले.

आईने जावईबापूंकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एका बाजूने हसला. दुसऱ्या बाजूने ती हल्ली हसू शकत नसे.

"रॉड तू धर. मी गुंडाळते."

"मला बोट लागते, आई."

"मग ओक की. ओकायला हात कुठे लागतात?"

लिंबूने फरशीवरचा रॉड उचलला.

आठवडाभर जिन्यात सराव चालला. वरच्या पायऱ्यांपाशी खुर्चीत आई, शेजारी रॉड धरून लिंबू, आणि मधल्या पोकळीतून तंगूस थेट खाली. आधी बटाट्यांची पिशवी वर आली. मग शेजाऱ्यांचं सामान येऊ लागलं. एका पेन्शनरने चष्मा मागवला. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला हौसेने मासा व्हायचा.

"मावशी, आज कोणता मासा होऊ?"

"गप्प बसणारा हो."

शुक्रवारी तो मासा जीव तोडून ओढत होता. आईने ब्रेक जरा सैल केला, त्याला दमवलं, मग पुन्हा गुंडाळलं, आणि टॅक्सीवाला हात वर करून ओरडला, "हरलो!" आई खुर्चीत मागे टेकली. कपाळावर घाम. "रविवारी लवकर ऊठ," ती लिंबूला म्हणाली. "आणि लिंबं चांगली रसरशीत आण. गेल्या वेळची सुकी होती."

शनिवारी दुपारी ती जरा पडते म्हणाली. उठली नाही.

सुरुवातीची ती दोन वाक्यं आता धरावी लागतील.

नंतर रीळ घरात नजरेसमोर नको झालं, म्हणून लिंबू ते घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने बातमी ऐकली आणि काउंटर पुसायला घेतलं. काउंटर स्वच्छ होतं.

"मला त्याच दिवशी दिसलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्या हाताचं. पण मावशी इतक्या रंगल्या होत्या... जीभच रेटेना."

मग त्याने रिळाची बाजू उघडली, आत निरखून पाहिलं. "मिठाचा कणही नाही. न वापरलेलं धरून परत घेतो. माझ्याकडून तेवढंच."

"वापरलंय," लिंबू म्हणाला.

"समुद्रात?"

"जिन्यात."

"जिन्यात वापरलेलं वापरलेलं धरत नाहीत हो."

दुकानदार भल्यासाठीच बोलत होता, आणि तेच सोसेना. लिंबूने काउंटरवरचा कागद ओढला. लिफ्ट बंद पडल्यावर सोसायटीला जी भाषा लिहायची, तेवढीच त्याला येत होती. त्याने लिहिलं, दोनदा नाक पुसलं, आणि कागद दुकानदारासमोर सरकवला:

"महोदय, सदर रीळ दि. रविवार रोजी भर समुद्रात वापरण्यात आले, त्यावर अर्जदाराच्या आईने स्वतःच्या हाताने एक मासा ओढला, रॉड अर्जदाराने धरला होता व त्यास नियमानुसार उलटीही झाली, असे मानण्यात यावे. ते शक्य नसल्यास, रीळ परत न घेता सदर रविवार अर्जदारास परत देण्यात यावा, ही नम्र विनंती."