डोलकाठीच्या शेंड्यावरचा निळा कॅन

सिद्धेश्वर धरणाच्या काठावर जाळी वाळत घालतात, तिथं एक उभा फाटलेला निळा प्लास्टिकचा कॅन पडला आहे. मित्रांनो, तो मी. पोटात पस्तीस लिटर मावतील एवढा मोठा. पण मी काही भरून नेण्यापेक्षा रिकामा राहूनच जास्त कामाला आलो.

आधी मी हिंगोलीच्या एका दुकानात गोडंतेल वाहिलं. दुकानदारानं मला भंगारात काढलं तेव्हा वेल्डिंगवाले जलालुद्दीनचाचा मला उचलून धरणावर घेऊन आले. देवला आणि त्याची बायको रुख्मिणीबाई तिथं मासे धरायचे. त्यांची होडी वेगळीच होती. पत्र्याच्या दोन अरुंद होड्या लोखंडी पाइपांनी शेजारीशेजारी जोडलेल्या, मधे फळ्या, वर डोलकाठी आणि ताडपत्रीचं शीड. देवला दोन वर्षं कोकणात राहून शीड हाकायला शिकला होता आणि चाचांनी ती होडी जोडून दिली होती.

मी आलो त्याच्या आदल्या वर्षी त्या होडीनं एक जीव घेतला होता. वारा लागून ती आडवी झाली, मग डोलकाठी पाण्यात खाली खाली गेली आणि होडी पालथी पडली. देवलाचा धाकटा भाऊ रामजी जाळ्यात गुंतून खाली अडकला. बाहेर काढला तेव्हा पत्रा खरवडून त्याच्या बोटांची नखं निघालेली होती.

"आडवी व्हती तवर रामजीभाऊजी जिते व्हते," रुख्मिणीबाई चाचांना म्हणाली. "माझं नाव घेऊन वरडत व्हते. पालथी झाली अन् आवाज बंद झाला."

चाचांनी डोलकाठीकडं पाहिलं, म्हणाले, "मंग ती आडवीच ऱ्हायला पायजे, भाभी. काठीच्या टोकाला हवा बांधू. हवा बुडत न्हाई."

ती हवा म्हणजे मी! पाणी झिरपू नये म्हणून माझं झाकण रबरी चकतीचं वायसर घालून घट्ट पिळलं आणि मला काठीच्या शेंड्याला, पंधरा फुटांवर, दोरांनी जखडलं. बाकीचे मासेमार हसले. "काहून रे देवला, होडीला टोपी घातली का?" पण पहिल्या चाचणीत चौघांनी होडी मुद्दाम आडवी पाडली, तेव्हा मी पाण्यावर टम्म तरंगलो. काठी खाली गेली नाही. रुख्मिणीबाईनं माझ्यावरून हात फिरवला.

पुढची चार वर्षं काहीच झालं नाही. उन्हानं माझा रंग उडाला. मी वर कशासाठी आहे हेच देवला विसरला. एकदा शेतातल्या इंजिनाला डिझेल आणायला त्यानं मला खाली काढलं. परत चढवताना झाकणातलं वायसर कुठंतरी पडलं.

"वायसर बसवलं का, अवो?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"बसवू की. घाई हाय का?"

मे महिन्यातली दुपार होती. दोघं जाळं उचलायला खोल पाण्यात गेले. वारा वाढला की लगेच सोडता यावा म्हणून शिडाचा दोर हातात धरायचा असतो, तो देवलानं फळीला गाठ मारून ठेवला. औंढ्याच्या बाजूनं धुळीची भिंत उठली आणि काही कळायच्या आत वारा शिडावर आदळला. एका बाजूची होडी पाण्यातून सुटून आकाशात उभी राहिली. शिडाचा आडवा बांबू गर्रकन फिरून देवलाच्या कानशिलावर बसला. हाड मोडल्यासारखा आवाज झाला. मी पंधरा फुटांवरून पाण्यावर थाडकन आपटलो.

लाटा मला खाली दाबत होत्या. मी वर उसळत होतो. होडी कुशीवर थांबली, पालथी पडली नाही. पण सैल झाकणातून पाणी आत येऊ लागलं. चूळभर, मग तांब्याभर. मी जड होत चाललो, आणि माझ्याबरोबर काठीही खाली निघाली.

देवला ताडपत्रीखाली दोरांत अडकला होता. रुख्मिणीबाईनं कमरेचा विळा काढून दोर कापले, त्याच्या हातावर वार बसला तरी कापत राहिली. केस धरून त्याला ओढून काढलं, खालच्या होडीवर टाकलं. मग होडी सरळ करायला वरच्या होडीचा दोर धरून ती एकटीच मागं रेलली. होडी हलेना. तिचं एकटीचं वजन पुरत नव्हतं.

तिनं देवलाच्या थोबाडीत मारली. एक, दोन, तीन.

"उठा! कॅन बुडून राहिला! उठा म्हन्ते ना!"

रक्त आणि पाणी ओकत देवला उठला, दोराला लोंबकळला. दोघांच्या तळव्यांची सालं निघाली. होडी करकरत उचलली आणि एकदम धाडकन सरळ झाली. डोलकाठी चाबकासारखी फिरली, माझे दोर तटातट तुटले, मी पत्र्याच्या कडेवर आदळून उभा फाटलो.

देवला वाचला, पण डाव्या कानानं त्याला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही. काठावर जलालुद्दीनचाचांनी मला उचलून पाहिलं. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वायसर कुठंय?"

देवला मान खाली घालून बसला.

आता काठीवर नवा कॅन आहे. होडी लोटण्याआधी देवला तो पाण्यात दाबून धरतो, बुडबुडा येतो का पाहतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही असं कुणीतरी असेल. सायकलचा ब्रेक, विहिरीचा दोर, गच्चीचा कठडा. वर्षानुवर्षं त्यांची आठवण होत नाही. आजच त्यांना हात लावून बघा. त्यांना बोलता येत नाही. मलाही येत नव्हतं. नाहीतर त्या दुपारी होडी काठावर होती तेव्हाच मी ओरडलो असतो.